पट्टी कुठली लावायची?

माणूस आयुष्यातले मोठे निर्णय चटकन घेतो आणि लहान निर्णयांशी मात्र कुस्ती खेळत बसतो. मी नोकरी पाच मिनिटांत पत्करली, लग्नाला होकार पोह्यांची बशी संपायच्या आत दिला, आणि राहता फ्लॅट एका रविवारी सकाळी दूध आणायला गेलो असताना ठरवून आलो. या तीनपैकी दोन निर्णयांचा मला कधीही पश्चात्ताप झालेला नाही. तिसरा कुठला ते सांगत नाही, कारण हा लेख घरात वाचला जाणार आहे. पण एका चित्राच्या चारी बाजूंना चार लाकडी पट्ट्या लावायच्या, त्या कुठल्या, एवढं ठरवायला मला अडीच महिने लागले.

सुरुवात झाली ती घराच्या रंगकामाने. आमच्या हॉलमध्ये बाबांनी काढलेलं एक जलरंगातलं चित्र आहे. बाबा इथल्याच एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि स्वतःची म्हणून जी थोडी चित्रं त्यांनी काढली, त्यातलं हे एकच उरलं. चित्र रंकाळ्याचं. पुढे पाण्यात संध्यामठ, मागे झाडांची रेघ, वर भरून आलेलं राखी आभाळ. चित्र तसं उदासच. आम्ही भावंडं लहानपणी त्याला 'श्रावणातला सोमवार' म्हणत असू. आई दर वेळी म्हणायची, "मेल्यांनो, ती संध्याकाळ आहे. मी होते तिथे!" आम्ही हसायचो. आईची दृष्टी तेव्हाही काही धड नव्हती.

तर रंगकाम करणाऱ्या पोराने चित्र उतरवायला हात लावला, मागची सुतळी तुटली, आणि 'श्रावणातला सोमवार' जमिनीवर आला. काच फुटली, एक कोपरा निखळला. चित्राला काही झालं नाही. फ्रेम बाबांनीच ठोकलेली होती. बाबांचा हात ब्रशवर जितका चालायचा तितका करवतीवर चालत नसे. चारपैकी एकही कोपरा नीट जुळलेला नव्हता, आणि प्रत्येक फटीत भरपूर लांबी भरून वरून पॉलिश फिरवलेलं होतं. चाळीस वर्षं मुलांना काटकोन शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे एवढं एकच बंड होतं.

"आता चांगली फ्रेम करून आण," आई म्हणाली. वय 86. आज्ञा ती आज्ञा.

महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात फ्रेमवाल्यांचं एक जुनं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. भिंतीवर अंबाबाई, जोतिबा, शिवाजी महाराज, शाहू महाराज, खांद्यावर गदा घेतलेले दोन पैलवान, एक सेवानिवृत्तीचा सत्कार आणि तीन कैलासवासी, असे सगळे एकाच रांगेत गुण्यागोविंदाने नांदत होते. आत सत्तरीचे एक मामा करवत चालवत बसले होते. मी चित्र पुढे केलं.

"पट्टी कुठली लावायची?" मामांनी विचारलं.

"चांगली लावा."

मामांनी हाताने मागची भिंत दाखवली. तिथे पट्ट्यांचे कोपरे खिळ्यांना टांगलेले होते. शंभराच्या वर असतील. सोनेरी, चंदेरी, काळे, वेलबुट्टीचे, मण्यांच्या माळेचे, आत उतरते, बाहेर उतरते, बोटाएवढे आणि मनगटाएवढे. माझी अवस्था साड्यांच्या दुकानात एकट्या गेलेल्या नवऱ्यासारखी झाली. "घरी विचारून सांगतो," असं म्हणून मी पळ काढला. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

घरात विचारलं, आणि घरात पक्ष पडले. सौ.चं म्हणणं, सोनेरी घ्या, शोकेसच्या मुठी सोनेरी आहेत. पुण्याची लेक म्हणाली, "बाबा, सोनेरी काय? बारीक काळी ॲल्युमिनियमची लावा, मिनिमल दिसतं." मेहुण्यांनी चंदेरी सुचवली, कारण त्यांच्याकडे तशी आहे. शेजारच्या वहिनींनी तर थेट मूळ प्रश्नालाच हात घातला, "हे चित्र ठेवणारच आहात का?"

माझा एक स्वभाव आहे. घरातला वाद मिटवता आला नाही की मी वाचायला बसतो. या वेळी फ्रेमचा इतिहास वाचायला बसलो, आणि मला हळूहळू कळत गेलं की या भांडणात मी एकटा नाही, थोरामोठ्यांची सोबत आहे.

पहिली गोष्ट ही कळली की चित्राला फ्रेम हवीच असा काही जगाचा नियम नव्हता. आपल्याकडे तर चित्रं भिंतीवर टांगायची पद्धतच फारशी नव्हती. वाड्यांत आणि देवळांत चित्र थेट भिंतीवरच काढत. भिंत हीच चौकट. लहान चित्रं पोथीत किंवा बासनात असायची. मुघल दरबारात चित्रांचे संग्रह बांधत, त्याला मुरक्का म्हणत. तिथे चित्राभोवतीचा हाशिया फुलापानांनी असा सजवत की फ्रेम कागदावरच तयार व्हायची. ना खिळा, ना सुतळी, ना रंगकाम करणारा पोरगा.

युरोपातही आरंभी फ्रेम वेगळी नसे. चर्चमधली जुनी चित्रं लाकडी फळीवर असत. फळीचा मधला भाग खोदून खोलगट करायचा, कडा उंच राहू द्यायची, आणि मग मध्ये चित्र काढायचं. म्हणजे फ्रेम आणि चित्र एकाच झाडाचं. पुढे दोघांची ताटातूट झाली, फ्रेम सुताराकडे गेली आणि चित्र चित्रकाराकडे राहिलं. भांडणं तिथून सुरू झाली असावीत. मिलानमधल्या एका धार्मिक मंडळाने 1480 साली एका कोरीव कामगाराला वेदीमागची मोठी नक्षीदार लाकडी चौकट सांगितली, आणि 1483 मध्ये तिच्यात चित्र भरायला माणूस शोधला. तो माणूस लिओनार्दो दा विंची. आधी चौकट, मग लिओनार्दो! त्या कामाच्या पैशांवरून जो वाद झाला तो 1506 पर्यंत मिटला नव्हता. हे वाचल्यावर माझे अडीच महिने मला फारच माफक वाटले.

फ्रान्सच्या पुसँ या चित्रकाराने 1639 मध्ये चित्र पाठवताना सोबतच्या पत्रात गिऱ्हाइकाला बजावलं होतं की याला साधी पट्टी लावा, सोनं लावायचं तर मंद लावा. कारण फ्रेम असली म्हणजे बघणाऱ्याची नजर आजूबाजूच्या वस्तूंवर सांडत नाही, चित्रावर टिकते. म्हणजे फ्रेम ही शोभेची वस्तू नसून नजरेचं कुंपण आहे. पुढे देगाने आपल्या वहीत पट्ट्यांचे आडवे छेद काढून ठेवले, कुठली कशी वळावी याचे. तेव्हाच्या कलादालनांत जड सोनेरी फ्रेमांचं राज्य होतं. त्याला आणि त्याच्या काही मित्रांना मात्र पांढऱ्या आणि रंगीत फ्रेमा आवडत. शोकेसच्या मुठी सोनेरी असणारी माणसं पॅरिसमध्येही असणारच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आमच्या घरात फ्रेम आली कुठून? तर ती छापखान्यातून आली. 1878 साली पुण्यात चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि देवादिकांची रंगीत चित्रं छापायला सुरुवात झाली. 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला हजारोंनी छापल्या गेल्या. मूळ तैलचित्र राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात आणि छापील प्रत तुमच्या आमच्या देवघरात, अशी ही सोय झाली. पण कागदावरच्या लक्ष्मीला हळद, कुंकू, तेलाचा धूर आणि झुरळं यांपासून वाचवायचं तर काच हवी. काच धरायला पट्टी हवी. गावोगाव 'तसबिरी बांधून मिळतील' अशी पाटी लागली ती या तसबिरींच्या जिवावर. देव घरात आले आणि पाठोपाठ फ्रेमवाला आला.

त्या पट्ट्यांचीही गंमत आहे. युरोपात पूर्वी नक्षी हाताने कोरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस खडू, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांचा लगदा साच्यात दाबून नक्षी पाडायची आणि लाकडावर चिकटवायची अशी युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकात तर यंत्रावर लांबच्या लांब पट्ट्या निघू लागल्या, त्या फुटावर विकायच्या. हल्ली त्या बऱ्याचदा लाकडाच्याही नसतात, प्लास्टिकच्या असतात आणि वर सागवानाचं चित्र छापलेलं असतं. म्हणजे चित्राभोवती लाकडाचं चित्र!

एवढी विद्या पोटात घेऊन मी एके दिवशी टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात गेलो. आमच्या गावाला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून येऊन रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांची चित्रं काढली. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. 1931 मध्ये ते गेले. बाबुराव पेंटर तर घराण्याने मेस्त्री. 1890 चा जन्म. लाकूड, माती, लोखंड, रंग, काही वर्ज्य नाही. आनंदराव या आतेभाऊ की मामेभाऊ, पण सख्ख्याहून सख्ख्या भावाबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आनंदराव 1916 साली गेल्यावरही सिनेमाचं वेड सोडलं नाही, कॅमेरा घरच्या घरी तयार केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या काळच्या मूकपटात सेकंदाला सोळा-अठरा चौकटी सरकत. आणि मी इथे एका चौकटीपाशी अडून बसलेला!

संग्रहालयात मी चित्रांकडे कमी आणि कोपऱ्यांकडे जास्त बघत होतो. कोपरा कसा जुळलाय, पट्टी आत उतरते की बाहेर, चित्र आणि पट्टी यांत जागा किती सोडलीय. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिथला पहारेकरी माझ्याकडे तसाच बारकाईने बघतोय. त्याचं काय चुकलं? 1911 साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ज्या माणसाने मोनालिसा पळवली, त्याने पूर्वी तिथल्याच चित्रांना काचा बसवण्याच्या कामावर काम केलेलं होतं. त्याने चित्र घेतलं आणि फ्रेम जिन्यात टाकून दिली. दोन वर्षांनी चित्र इटलीत सापडलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्राच्या बाबतीत चोरालासुद्धा पट्टी आणि चित्र यांतला फरक कळला. आमच्या घरात तो अजून कुणालाच कळला नव्हता.

शेवटी पुन्हा मामांकडे गेलो आणि माझं ज्ञान त्यांच्यापुढे ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, एवढं वाचलासा, पर अंबाबाईच्या देवळात जातासा न्हवं?"

"जातो की."

"मग देवीचं दर्शन झाल्यावर खाली बगायचं. जोत्याकडं. सगळ्या पट्ट्या तितंच हायत."

मी गेलो. जन्मभर ज्या देवळाला प्रदक्षिणा घातल्या त्याचं जोतं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दगडाचे एकावर एक थर. एक बाहेर झुकलेला, एक आत ओढलेला, एक गोलसर, एक धारदार. जुन्या शिल्पींनी त्यांना नावंही दिलीत. खुर, कुंभ, कलश, कपोत. दगड एकच काळा, पण प्रत्येक वळणावर ऊन वेगळं थांबतं आणि सावली वेगळी पडते. आणि हे सगळं थर-थर करत नजर वर न्यायला, देवाकडे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या जोत्यावर तर अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी हत्तींची रांग आहे. फ्रेमची पट्टी म्हणजे याच थरांचं लहान बाळ. आत उतरणारी पट्टी नजर चित्रात ओढून नेते. बाहेर उतरणारी पट्टी चित्र पुढे ढकलते. सपाट पट्टी गप्प बसते. आणि नक्षीची पट्टी स्वतःच बोलत सुटते.

"आता समजलं?" मामा म्हणाले. "पट्टी ही करवलीवानी असावी. नवरीच्या शेजारी उभी ऱ्हायची, पर लोकांनी नवरीच बगायची." मग त्यांनी मला आपलं शास्त्र सांगितलं. पट्टी घराच्या पडद्यांवरून, सोफ्यावरून नि शोकेसच्या मुठींवरून ठरवायची नाही, चित्रावरून ठरवायची. घर बदलतं, चित्र तेच राहतं. चित्रात जो रंग सगळ्यात उजळ तो पट्टीला द्यायचा नाही, मधला द्यायचा. चित्र आणि पट्टी यांच्यामध्ये जाड कागदाचा माउंट घालायचा, त्याची रुंदी पट्टीएवढी ठेवायची नाही, चांगली जास्त ठेवायची, नाहीतर चित्राभोवती पट्टे ओढल्यासारखं दिसतं. खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित मोठी सोडायची, म्हणजे चित्र खाली घसरल्यासारखं वाटत नाही. आणि जलरंग काचेला कधी चिकटू द्यायचा नाही. आमच्या गावच्या पावसात काचेला आतून घाम येतो आणि कागदाला बुरशी धरते.

हिशेबही सांगितला. सोळा बाय वीस इंचांच्या चित्राला इंचभर रुंदीची पट्टी लावायची तर बहात्तर इंच लागेल असं आपल्याला वाटतं. लागते ऐंशी. कारण प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं 45 अंशांत कापायची, आणि चार पट्ट्यांची आठ टोकं. "ही आठ इंचं गिऱ्हाइकाला दिसत न्हाईत," मामा म्हणाले, "म्हनून भांडणं हुत्यात."

एवढं झाल्यावर त्यांनी बाबांची जुनी फ्रेम सोडवायला घेतली. कोपऱ्यातली लांबी बघून गालातल्या गालात हसले.

"मास्तरांचंच काम."

"तुम्ही ओळखत होता?"

"इंटरमिजिएटला त्यांनीच बसवलं मला. दोनदा." दोनदा का, ते मी विचारलं नाही.

जुने खिळे निघाले. मागचा पुठ्ठा निघाला. चित्र मामांनी दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि टेबलावर ठेवलं. मग दोघंही गप्प झालो.

चित्राच्या चारी कडांना, पट्टीच्या खाचेखाली जो पाव इंच कागद झाकलेला होता, तो आमच्या ओळखीचा नव्हता. आभाळाची वरची कड गुलाबी होती. नुसती गुलाबी नाही, वर गुलाबी, खाली येता येता केशरी. पाण्याच्या खालच्या कडेलाही तोच रंग उतरलेला. आणि त्याच्या आत, जिथे साठ वर्षं काचेतून उजेड पडला होता, तिथे तेच आभाळ राखी, तेच पाणी मातकट. मधे सरळ रेघ. एका बाजूला संध्याकाळ, दुसऱ्या बाजूला श्रावणातला सोमवार.

"क्रिमझन लेक," मामा म्हणाले. "मास्तरांचा आवडता रंग. उजेडाला टिकत न्हाई. आमाला वर्गात सांगायचे, फार वापरू नका. सोता वापरायचे."

चित्र हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. खऱ्या संध्याकाळी रोज येऊन कागदावरची संध्याकाळ थोडी थोडी नेत होत्या, आणि आम्ही भावंडं त्याच्याखाली बसून आईला हसत होतो. बाबांची ती वाकडीतिकडी पट्टी तेवढी पाव इंचाची साक्ष दाबून बसली होती.

यानंतर पट्टी ठरायला पाच मिनिटं लागली. आता चित्राची कड झाकायचीच नव्हती. मामांनीच तोड काढली. माउंटची खिडकी कागदापेक्षा मोठी कापायची, आणि कागद पातळ कागदी पट्ट्यांनी मागून अडकवून मध्ये अख्खा ठेवायचा, म्हणजे चारी बाजूंचा पाव इंच दिसेल. पट्टी साधी, इंचभर, किंचित आत उतरणारी. लाकूड त्यांच्याकडे होतं. पाडलेल्या एका वाड्याच्या दरवाजाच्या चौकटीचं जुनं सागवान. चौकटीची चौकट. सोनेरी नाही, काळी नाही, चंदेरीही नाही. त्यामुळे घरातले तिन्ही पक्ष सारखेच हरले आणि शांतता झाली.

"आनि हे खिडकीसमोर लावायचं न्हाई," मामांनी दम दिला. "उरलीय तेवढी तरी ऱ्हाऊ द्या." पैसे घेताना त्यांनी आठ इंचांचे घेतले नाहीत. मी हिशेब शिकलो होतो म्हणून माझ्या लक्षात आलं.

आता चित्र आतल्या खोलीत आहे, आईच्या पलंगासमोर, उत्तरेच्या मऊ उजेडात. पहिल्या दिवशी मी ते उतरवून तिच्या मांडीवर दिलं. तिने चष्मा कपाळावर सारला, नाकाजवळ नेऊन वरची कड पाहिली, मग खालची पाहिली. बोट काचेवरून चारी बाजूंनी फिरवलं. पाव इंचाच्या आत तिने पाहिलंच नाही.

"तीन तास दगडावर बसवून ठेवलं होतं मला," ती म्हणाली. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जेवायला उशीर झाला म्हणून तुझ्या आजीची बोलणी मी खाल्ली, आणि हे आपले गुलाबी रंग लावत बसलेले."

मग चष्मा खाली घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं. आता ती 'मी म्हणत नव्हते?' असं म्हणणार म्हणून मी तयारीत होतो. साठ वर्षांचं हसणं आमच्या खात्यावर होतं.

पण ती एवढंच म्हणाली, "पट्टी छान निवडलीस हो."